कांद्याच्या शेडमधली झापड

ती वस्तू माझ्याकडं आली तीच मुळात दुसऱ्याच्या गळ्यातलं लोढणं म्हणून. मी कुरकुंभच्या एमआयडीसीत, औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या एका कंपनीत ऑपरेटर आहे. माझ्या शिफ्टला उत्तर प्रदेशचा एक उंचापुरा गडी आहे. त्यानं हौसेनं घरी खेळायचा व्हीआर हेडसेट घेतला. डोळ्यांना बांधायचा, म्हणजे बसल्या जागी माणूस दुसऱ्याच दुनियेत जातो. पण त्याच्या खोलीत चौघं राहतात, हात पसरला की कुणाच्या तरी नाकावर. त्यात त्याला गरगरायला लागलं. एक दिवस कँटीनमध्ये त्यानं तो डबा माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाला, "भाई, तू ही ले जा. मेरा तो दिमाग घूम जाता है." मी लगेच घेतला. फुकटात जमा अशी वस्तू दिसली की मला पुढचं काही दिसत नाही, असं बायको म्हणते आणि ते खरं आहे.

घरी न्हावऱ्याला आणल्यावर आईनं ती वस्तू उलटीपालटी करून बघितली, आत डोकावली आणि निकाल दिला, "ही तर झापड हाय." म्हणजे घाण्याच्या बैलाच्या डोळ्यांना बांधतात ती. मी तिला इंग्रजी नाव सांगितलं, त्याचा अर्थ सांगितला, आपण घरातच असतो पण आपल्याला लांब कुठंतरी गेल्यासारखं वाटतं, असं चांगलं समजावून सांगितलं.

"व्हय," आई म्हणाली, "बैलाला बी असंच वाटतं, लय लांब चाललोय."

त्या दिवसापासून तिचं नाव झापड पडलं. कंपनीतल्या मित्रांशी बोलतानासुद्धा माझ्या तोंडून तेच निघायला लागलं.

आता धाकट्या भावाचं सांगितलं पाहिजे, कारण त्या काळात आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. मी कंपनीत चिकटलो आणि शेती, गाया सगळं धाकट्याच्या अंगावर पडलं. ते त्यानं आनंदानं घेतलं. ऊस आहे, कांदा आहे, गोठ्यात जर्सी गाया आहेत, गडी निर्व्यसनी आहे. पण तिशी उलटली तरी लग्न जमेना. मुलीकडचे येत, विचारत, "नोकरी?" आणि धाकटा तोंडात मिठाची गुळणी धरून आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत बसे. मग त्याच्या वतीनं मी बोलत असे. मी बोलायला लागलो की पाहुणे घड्याळ बघायला लागत. आई रडकुंडीला आली होती. "पोरगं सोन्यावानी हाय," ती म्हणायची, "पण सोनं तोंडानं बोलत न्हाई ना." तिला रात्रीची झोप नव्हती, आणि धाकट्यालाही नसावी. पण तो ते कुणाला सांगणार?

तर झापड. तिला मोकळी जागा लागते, दोन्ही हात पसरून गिरकी घेता येईल एवढी. आमच्या घरात पलंग, कपाट, धान्याच्या कोठ्या आणि आईचं शिवणयंत्र यांतून माणसं वाट काढत फिरतात. मोकळं होतं ते फक्त घरामागचं पत्र्याचं शेड, जिथं उन्हाळ्यात कांदा निवडतात. कांदा विकून झाला होता, वास तेवढा मागं राहिला होता. शेडला एका बाजूनं भिंत नाही, आणि त्याच बाजूला, अगदी जवळ, गोठा आहे. मी तिथं झाडून घेतलं, बारदानं एका कोपऱ्यात रचली आणि अवकाशात जायची तयारी केली.

झापडीच्या तोंडावर चार बारीक डोळे असतात, म्हणजे कॅमेरे. त्यांतून ती आजूबाजूची जागा बघते आणि खेळ सुरू होण्याआधी आपल्यालाही दाखवते. आपण आधी जमिनीवर एक रेघ आखून द्यायची. खेळता खेळता रेघेजवळ गेलो की समोर निळी जाळी उभी राहते आणि आपण थांबतो. हे समजायला मला तीन व्हिडिओ बघावे लागले. धाकट्यानं एकदाच ऐकलं आणि म्हणाला, "म्हंजी रानडुकरांसाठी लावतो ती झटक्याची तार." मला जरा रागच आला.

पहिल्या दिवशी मी गुडघ्यापर्यंत जमिनीत गाडला गेलो. मागच्या मालकानं झापडीत फरशीची उंची कुठं धरून ठेवली होती देव जाणे. माझे पाय फरशीच्या खाली आणि बाकीचा मी वर, असा मी बराच वेळ उभा होतो. ते नीट केलं आणि मग फळीचा खेळ लावला. उंच इमारतीच्या टोकावरून एक फळी बाहेर काढलेली, तिच्यावरून चालायचं, एवढंच. मी कंपनीत रोज रिअॅक्टरच्या वरच्या मजल्यावर लोखंडी शिडीनं चढतो, खाली जाळीतून जमीन दिसते, मला काही वाटत नाही. पण कांद्याच्या शेडमध्ये, सपाट कोब्यावर, मला पुढं पाऊल टाकवेना. मी खाली बसलो आणि रांगत मागं आलो. मग उलटी झाली. आईनं मीठमोहरीनं माझी दृष्ट काढली आणि बायको म्हणाली, "दिवसभर कंपनीत गॉगल लावून पोट भरत न्हाई व्हय तुमचं?"

पण तिलाही उत्सुकता होतीच. तिला मी फळं कापायचा खेळ लावून दिला. हवेत फळं उडतात, दोन्ही हातांतल्या तलवारींनी सपासप कापायची. पहिलं टरबूज कापलं तेव्हा ती हरखली. दहाबारा टरबुजांनंतर तिचा हात थांबला. "ही खायची कुणी?" ती म्हणाली. मी म्हटलं, खायची नसतात. "मग कापायची कशाला?" तिनं झापड काढून माझ्या हातात दिली आणि संध्याकाळपर्यंत तिला खरोखरीचं अन्न वाया घालवल्यासारखं वाईट वाटत होतं. दुसऱ्या दिवशी ती परत खेळली आणि मला हरवून दाखवलं, ते वेगळं.

आईला कुठला खेळ नको होता. झापड सुरू केल्यावर आपण आधी एका घरात येतो. मोठमोठ्या काचा, बाहेर डोंगर, आत मऊ सोफे. आईला तेच पुरलं. ती जागच्या जागी गोल फिरून ते घर बघत राहिली. मला वाटलं भारावली.

"मोरी कुठं हाय?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, नाही.

"चूल? धुणं कुठं वाळत घालत्यात? एवढ्या काचा पुसायच्या कुणी? कुणी राहतं का हितं, का नुसतंच बांधून ठेवलंय?" मी सांगितलं की कुणी राहत नाही. आई म्हणाली, "तरीच." पुढचे काही दिवस ती रोज थोडा वेळ झापड लावून त्या घरात जात होती. का जाते विचारलं तर म्हणाली, घराला माणसाचा पायरव लागतो.

चार-सहा दिवसांत झापडीच्या पट्ट्याला आमच्या सगळ्यांच्या केसांचं खोबरेल लागून तो गुळगुळीत झाला. वस्तू जड, घट्ट बांधावी लागते, त्यामुळं ज्यानं त्यानं काढली की डोळ्यांभोवती लाल वळ. डेअरीवर लोकांनी धाकट्याला विचारलं, घरात सगळ्यांचे डोळे आलेत का? धाकट्यानं मान हलवली. नाही म्हणून हलवली, की हो म्हणून, हे लोकांना कळलं नाही आणि दोन-तीन दिवस आमच्याकडं कुणी फिरकलं नाही.

धाकट्याचा नंबर सगळ्यांत शेवटी लागला, कारण तो स्वतःहून काही मागत नाही. मी त्याला टेबल टेनिस लावून दिलं. त्यात समोर खरा माणूस असतो, कुठल्या तरी देशातला, त्यानंही त्याची झापड लावलेली असते. त्याला आपण दिसत नाही, आपल्या जागी एक बाहुलं दिसतं. धाकट्याचं बाहुलं निळ्या केसांचं होतं. त्याला तिथं सोडून मी गायांना वैरण टाकायला गेलो, तर थोड्या वेळानं शेडमधून कुणीतरी मोठमोठ्यानं बोलल्याचा आवाज यायला लागला. मला वाटलं पाहुणे आले. जाऊन बघतो, तर धाकटा. उजव्या हातानं चेंडू मारतोय आणि समोरच्याला सांगतोय की पावसाळ्यात गाईनं नुसता ओला चारा खाल्ला की दुधाचा फॅट कसा पडतो, आणि मग डेअरीवाले कसे तोंड वाकडं करतात, आणि त्यावर उपाय काय. समोरचा नुसता "ओके, ओके" करत होता. त्याला मराठीचा गंध नव्हता, आणि धाकट्याच्या दृष्टीनं तोच त्याचा मोठा गुण होता. धाकटा हसत होता, मधेच त्याची थट्टा करत होता. "आरं नीट मार की, जेवला न्हाईस का?" असं म्हणत होता.

आई हातात पळी घेऊन आली आणि शेडच्या खांबाला धरून उभी राहिली. "बोलतोय रं," ती हळूच म्हणाली. मला हसू आलं.

झापड काढल्यावर तो परत होता तसा. रात्री जेवताना बायकोनं त्याला सरळच विचारलं, "भाऊजी, तिथं बोलता, मग हितं काय होतं तुम्हाला?" त्यानं बराच वेळ भाकरी कुस्करली. मग म्हणाला, "लोकं तोंडाकडं बघाय लागली की शब्द आटत्यात. तिथं मला कुणी बघत न्हाई."

अशात यवतचं स्थळ आलं. मुलगी डी.फार्म झालेली, यवतला हायवेवरच्या एका मेडिकल दुकानात कामाला. वडील नाहीत, सगळा कारभार मामांच्या हातात. मामा हो म्हणतील तर हो. आम्ही मुलगी बघून आलो, तिथं नेहमीप्रमाणं धाकटा अंगठ्याकडं बघत बसला, आणि तरी त्यांच्याकडून निरोप आला की दसऱ्याला घर बघायला येतो. आमच्या आशा एकदम फुगल्या. आईनं मध्यस्थाला सांगून टाकलं, पोरीला गोठ्यात पाऊलसुद्धा टाकायला लागणार नाही. मी सांगितलं, धाकट्याचं कंपनीत बोलणं चालू आहे, आज ना उद्या चिकटेलच. यातलं काहीही खरं नव्हतं. धाकटा कंपनीत यायला तयार नव्हता, आणि आमच्या घरात गोठ्यात पाऊल टाकल्याशिवाय संडासाला जाता येत नाही. बायको म्हणाली, "दोघांनी मिळून नवीनच नवरदेव बनवलाय. त्याला कुठनं आणणार?"

दसऱ्याच्या आदल्या रात्री मला तिसरी शिफ्ट होती. सकाळी हायवेवर चौफुल्याला कंपनीच्या बसमधून उतरलो, तिथं लावलेली मोटारसायकल घेऊन झोपाळलेल्या डोळ्यांनी घरी आलो, तर देवघरासमोर दसऱ्याची हत्यारपूजा मांडलेली होती. घरातलं सगळं कामाचं सामान ओळीनं ठेवलेलं: विळा, खुरपी, औताचा फाळ, दूध काढायचं यंत्र, मोटारीचा स्टार्टर आणि शेवटी झापड. प्रत्येकाला हळदीकुंकू, प्रत्येकाला झेंडूचं फूल. झापडीला तर अख्खी माळ होती. आईनं तिला कामाच्या सामानात बसवली याचा मला केवढा अभिमान वाटला! हळदीकुंकू कुठं लावलंय, ते मी बघितलं नाही. माळ होती ना वर.

पाहुणे दुपारी आले. मामा, मुलीची आई आणि, आश्चर्य म्हणजे, मुलगी. मुलीनं घर बघायला यायचं ही आपल्याकडची रीत नव्हे. मामांनी आल्या आल्याच खुलासा केला, "हिचा हट्ट. म्हणली राहायचं मला हाय, तर बघणार बी मीच." मामा अंगानं भरलेले, पांढरेशुभ्र कपडे, कडक इस्त्री. मुलगी सगळीकडं नीट बघत होती, मोरीतसुद्धा डोकावली. आई खूश झाली.

पूजेपाशी मामा थांबले. "ह्ये काय पुजलंय हो?"

झालं, मला तेवढंच पाहिजे होतं. मी त्यांना शेडमध्ये नेलं. पूजा केलेल्या वस्तूला चपला घालून हात कसा लावायचा, म्हणून मामांनी चपला बाहेर काढल्या. मी घाईघाईत माळ उतरवली आणि झापड त्यांच्या डोक्यावर घट्ट बांधली.

"सगळं पिवळंच दिसतंय की," मामा म्हणाले.

"असंच असतंय मामा," मी म्हणालो. "संध्याकाळचं ऊन हाय ते."

म्हाताऱ्या माणसांना झेपेल असा एक बगीचा होता त्यात. हिरवळ, फुलं, पक्षी. फळी नको, उलटी नको. नुसतं फिरायचं. मामा दोन पावलं पुढं, दोन मागं असं फिरायला लागले आणि माझं लक्ष मुलीच्या आईकडं गेलं. त्यांनी पाण्याचं विचारलं होतं. मी बोअरची खोली, मोटारीची ताकद, पाइपलाइनची लांबी असं सगळं सविस्तर सांगायला घेतलं. तेवढ्यात बायकोनं मला कोपर मारलं.

मामा शेडमध्ये नव्हते. निळ्या जाळीनं त्यांना अडवायला पाहिजे होतं, पण अडवलं नव्हतं. ते हात पुढं करून, सावकाश, मोठ्या दिमाखात गोठ्यात शिरले होते. धाकट्यानं सकाळी गोठा धुतला होता, पण गायांना दसरा कळत नाही. मामांचा उजवा पाय घोट्यापर्यंत शेणात गेला.

"वा!" मामा म्हणाले. "गवत लय मऊ हाय."

आई पोह्यांच्या बशा घेऊन दारात थिजलेली. मामांनी दुसरा पाय टाकला. त्यांच्यासमोर ठिपक्यांची गाय उभी होती. तिनं मान वर केली आणि त्यांच्या तोंडावर मोठा सुस्कारा सोडला.

"वारा बी येतोय! गरम वारा!" मामांनी लांब श्वास घेतला. "आयला, मशीन भारीच हाय की हो! वास बी येतोय!"

आता सांगायचं कसं? सांगितलं तर फजिती, नाही सांगितलं तर त्याहून मोठी. मी तोंड उघडलं आणि परत मिटलं. माझ्या आयुष्यात असं क्वचितच होतं. गाईनं जीभ काढून मामांचा हात मनगटापासून कोपरापर्यंत चाटला. "आन् ह्ये काय?" असं मामा म्हणेपर्यंत झापड पूर्ण काळी पडली आणि त्यांनी ती ओढून काढली. समोर गाय. खाली शेण. मागं आम्ही.

मुलगी तोंडात ओढणी कोंबून हसत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मामा मात्र पेटले. "घर बघाय बोलवलंय का चेष्टा कराय?" ते गरजले. मी धावत जाऊन झापड हातात घेतली तर चारही डोळ्यांवर हळदीकुंकवाची बोटं. दोन पार बुजलेले, दोन हळदीतून अर्धवट बघणारे. आई रडवेली होऊन म्हणाली, "चार डोळं होतं, चारींना लावलं. एकाला लावून दुसऱ्याला न्हाई, असं कसं करायचं?" त्या आंधळ्या झापडीला रेघ कुठली न् गोठा कुठला, काही कळलं नव्हतं, आणि शेवटी ती बंदच पडली होती. मी मामांना हे शास्त्रीय कारण समजावून सांगायला लागलो. मामा म्हणाले, "पाय कुठं धुवायचं तेवढं सांगा. धुतलं की निघतो आम्ही."

बायको त्यांना हौदाकडं घेऊन गेली, मुलीची आई टॉवेल घेऊन मागोमाग. आई भिंतीला टेकली. हेही गेलं, असं सगळ्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं, आणि धाकट्याच्या तोंडाकडं तर मला बघवेना.

मुलगी मात्र जागची हलली नाही. धाकट्याला म्हणाली, "मामांचं पाय धुवून होईस्तोवर बोलून घेऊ आपण. तुमचं कंपनीत नक्की कवा होणार हाय?"

धाकट्यानं अंगठ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "त्याचं असं हाय..."

"दादा, तुम्ही थांबा ना जरा," ती म्हणाली.

मी थांबलो. धाकटा अंगठ्यानं कोबा घासत राहिला. एवढ्यात बायको हौदावरून परत आली, तिनं सगळं बघितलं आणि सरळ सांगून टाकलं, "ते असं बोलणार न्हाईत. त्यांच्याकडं कुणी बघितलं की बोलता येत न्हाई त्यांना. झापड असली की बोलत्यात."

धाकटा कानापर्यंत लाल झाला. त्यानं माझ्या हातातल्या झापडीकडं हात केला, पण त्याच्या आधी मुलीनं ती घेतली. तिनं उलटीपालटी करून बघितली, आणि शेडमधल्या खुर्चीवर बसून स्वतःच्याच डोळ्यांना बांधली.

"तुम्ही लावली तर तुम्ही मशीनशी बोलाल," ती म्हणाली. "आता मला काय दिसत न्हाई. काळाकुट्ट अंधार हाय. बोला."

बायकोनं मला आणि आईला ओढून बारदानांच्या मागं नेलं. तिथून सगळं दिसत होतं, ऐकूही येत होतं. धाकटा आधी खुर्चीच्या एका बाजूनं वाकून बघून आला, खरंच दिसत नाही ना म्हणून. मग समोर एका पालथ्या घमेल्यावर बसला. हौदाकडून मामांच्या पाय आपटण्याचा आवाज येत होता.

"कंपनीत माझं काय होणार न्हाई," धाकटा म्हणाला. "दादानं उगंच सांगितलंय. मला जायचंच न्हाई तिकडं. मला गाया आवडत्यात."

मी कपाळाला हात लावला.

"आन् आईनं सांगितलं असंल, गोठ्यात जावं लागणार न्हाई म्हणून. ते बी खोटं हाय. रोज न्हाई, रोजचं मी करतो. पण गाय आजारी पडली, आन् मी डॉक्टरला आणाय गेलो, तर शेण काढाय लागंल. आधी सांगितलेलं बरं. मागनं तुम्ही म्हणाल फसवलं."

"मेलं, बुडालं," आई माझ्या कानात म्हणाली.

पण तो थांबायला तयार नव्हता. ठिपक्यांची गाय हात लावला की कशी मान पुढं करते ते सांगितलं. कांद्याला भाव नसला की तो आठ-आठ दिवस शेडकडं बघत नाही, ते सांगितलं. इतक्या मुली नाही म्हणाल्या, त्यांचा राग येत नाही, पण कुणीच त्याला काही विचारलं नाही, सगळ्यांनी दादालाच विचारलं, हे सांगितलं. मी बारदानांकडं बघत राहिलो. मुलगी ते काळं तोंड त्याच्या दिशेला करून, मांडीवर हात ठेवून, शांत बसली होती. एवढं लक्ष देऊन त्याचं बोलणं कुणी ऐकलेलं मी तरी कधी बघितलं नव्हतं.

त्याचं संपल्यावर ती म्हणाली, "मी मेडिकल सोडणार न्हाई."

"नका सोडू. चौफुल्यापर्यंत गाडीवर सोडीन. पुढं एसटी हाय."

"रोज?"

"दूध घालून झालं की रोज."

"आन् लग्न झाल्यावर बोलायचं कसं? मी काय दरवेळी हे बांधून बसू?"

तिनं झापड काढली. केस विस्कटलेले, डोळ्यांभोवती लाल वळ, बोटांना कुंकू. ती सरळ त्याच्याकडं बघायला लागली.

"मघाशी गाईचं काय म्हणत होता, तेवढंच परत सांगा. आता."

धाकट्याची मान खाली गेली. अंगठा तिथंच होता. हौदावरचं पाणी बंद झालं, मामा चपला शोधत असल्याचा आवाज आला. मला राहवेना, मी उठायला लागलो. बायकोनं माझ्या पायावर पाय दिला आणि दाबून धरला.

धाकट्यानं मान वर केली. ती बघत होती. त्याच्या कपाळावर घाम आला.

"गाय आजारी पडली," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज मधेच फाटला, "तर शेण काढाय लागंल."

"चालंल," ती म्हणाली.

आईनं माझा दंड घट्ट धरला. धाकटा अजून तिच्याकडं बघतच होता. कुणी त्याला काही विचारलेलं नव्हतं, तरी तो म्हणाला, "सहसा पडत न्हाई आजारी."